माया शहरातले तेरा बंद थांबे

माझी मुलगी जाऊन आता दीड वर्ष होईल. तिचा आवाज माझ्याकडे दोन मिनिटांचा आहे. त्यात ती सांगते, तिकीटखिडकी उजव्या हाताला आहे, पाण्याची बाटली भरून घ्या, डोक्यावर टोपी घाला, आत सावली कमी आहे. हिंदीत सांगते. शेवटी म्हणते, "चलिए, अंदर चलते हैं." तिथे आवाज थांबतो.

आत म्हणजे मेक्सिको देशातल्या एका जुन्या शहरात. माया नावाच्या लोकांनी ते जंगलात दगडांनी बांधलं होतं. आता पडझड झाली आहे, पण जगभरातून माणसं बघायला जातात. गाईड नको असेल तर फोनमध्ये एक ॲप घेता येतं. इयरफोन कानात घालायचा आणि चालायचं. जिथे जाऊन उभं राहावं तिथली माहिती आपोआप सुरू होते. असे चौदा थांबे आहेत आणि त्यातला हिंदी आवाज माझ्या मुलीचा. पहिला थांबा नमुना म्हणून कुठूनही ऐकता येतो. पुढच्या तेरा थांब्यांवर कुलपाचं चित्र आहे. तिथे जाऊन उभं राहिलं तरच ते उघडतं. मी बोईसरला राहते.

ती स्वतःही मेक्सिकोला कधी गेली नव्हती. कॉलेज झाल्यावर ती मुंबईच्या एका कंपनीसाठी घरून आवाजाची कामं करायची. आमची बेटेगावच्या रस्त्याला चाळीतली एक खोली. कपाटाच्या कोपऱ्यात दोन गोधड्या टांगून ती आत बसायची. पंखा बंद, मिक्सर बंद. मी दारात बसून राहायची, कोणी कडी वाजवू नये म्हणून. बाहेरून टँकरने हॉर्न मारला की आतून तिचा आवाज यायचा, "गेली ओळ!" आणि पुन्हा पहिल्यापासून. बाहेर यायची तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटलेले असायचे.

या कामात कंपनीची एक अट होती. बोलणं आणि चालणं जुळलं पाहिजे. एका थांब्याहून दुसऱ्यावर जायला जेवढा वेळ लागतो तेवढंच बोलायचं, नाहीतर मध्ये गप्प राहायचं. नकाशा दिला होता, अंतरं दिली होती. पण तिला तेवढ्यावर विश्वास नव्हता. मला म्हणाली, "मी तरातरा चालते. तिथे म्हातारी माणसं येतात. तू चाल, मी वेळ मोजते."

चाळीमागे मोकळं मैदान आहे. तिथे तिने नकाशाप्रमाणे चौदा विटा ठेवल्या आणि खडूने आकडे घातले. हे पहिल्या पाळीला कामावर गेले की आम्ही दोघी तिथे जायचो. मी मुळात लाजरी. नळावर चार बायका असल्या तर मी हंडा घेऊन मागे थांबते. आणि इथे सगळी चाळ बघतेय, मी रिकाम्या मैदानात एका विटेवरून दुसऱ्या विटेवर चालतेय, आणि मुलगी कागद वाचत मागून येतेय.

"आई, खाली काय बघतेस? भाजी आणायला निघालीस का? मान वर कर. पर्यटक आहेस तू."

"वर काय आहे?"

"देऊळ आहे. नऊ टप्प्यांचं. राजाला आत पुरलंय."

वर विजेची तार होती आणि तारेवर कावळा.

पाच नंबरच्या विटेपाशी चेंडूचं मैदान होतं. ती म्हणाली, इथे रबराचा मोठा चेंडू कमरेने मारायचे, हात लावायचा नाही.

"कमरेने? माझी फरशी पुसताना धरते."

"म्हणून तू हरलीस. चल पुढे, चाळीस पावलं, हळू."

मी चाळीस पावलं मोजत जायची. ती तोंडाने एक अक्षर न काढता सोबत यायची आणि मोबाईलमध्ये वेळ बघायची. तो वेळ तिने रेकॉर्डिंगमध्ये तसाच मोकळा ठेवला. म्हणाली, "बघ, आता कुठलीही म्हातारी धापा टाकणार नाही."

मी एकदा तिला विचारलं, एवढं मोठं शहर सोडून ती माणसं गेली कुठे? ती म्हणाली, "शहर सोडलं, पण माणसं संपली नाहीत गं. तिथल्याच गावांत आहेत. आपली भाषा बोलतात, मका पेरतात. मका चुन्याच्या पाण्यात उकडून, वाटून भाकरी करतात." चुन्याच्या पाण्यात! ते मला देवळापेक्षा जास्त लक्षात राहिलं. तोंड कसं भाजत नाही त्यांचं, मी म्हटलं. ती पोट धरून हसली.

काम पुरं झालं तेव्हा तिने ते ॲप तिच्या पप्पांच्या फोनमध्ये टाकून दिलं. त्यांनी पहिला थांबा ऐकला आणि म्हणाले, "छान आहे. मास्तरणीसारखी बोलतेस." पुढचं ऐकायची त्यांना घाई नव्हती. मलाही नव्हती. बोलणारी घरातच होती.

पावसाळ्यात तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तेराव्याला गावाहून थोरले दीर आले होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकतात. कपडे, चपला, छत्री दिली. मग दीर म्हणाले, "तिचा फोनही ठेवू नका घरात. रोज काढून बघत बसाल. गावाकडे पुतणीला होईल." त्यांनी त्यातलं सगळं तिथेच बसून पुसून टाकलं. कंपनीचा लॅपटॉप आधीच परत गेला होता. मी चहाचा ट्रे धरून उंबऱ्याशी उभी होते. घरात दहा-बारा पुरुष माणसं बसलेली. मला नको म्हणायचं होतं. पण ती एकदा म्हणाली होती, आवाज सगळा कंपनीकडे जमा असतो, तो कुठे जात नाही. तेच मी मनात धरलं आणि गप्प राहिले. दोन शब्द बोलायचे होते. तेवढेही बोलले नाही.

महिनाभराने कळलं की घरात तिचा आवाज कुठेच नाही. फोटो पुष्कळ. एका लग्नाच्या व्हिडिओत ती नाचताना दिसते, पण वर बँड आहे. आम्ही एका खोलीत राहणारी माणसं, एकमेकांना आवाज कशाला पाठवणार? मग यांना आपल्या फोनमधलं ते ॲप आठवलं. पहिला थांबा लागला. दुसऱ्यावर बोट ठेवलं तर कुलूप. यांनी कंपनीला फोन केला. एका मुलीने गोड बोलून सगळं लिहून घेतलं, कळवते म्हणाली. कळवलं नाही. पुन्हा फोन करायचा यांचा स्वभाव नाही, आणि करा म्हणायचा माझा नाही.

हे सुट्टीवर असले की मी फोन मागून घ्यायची आणि दारात बसून, कानाला लावून तेवढंच ऐकायची. किनाऱ्यावरच्या नवापूरची मासळीवाली मावशी आमच्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी येते. मी मासळी घेणं सोडलं होतं, तरी ती पाटी उतरवून दोन मिनिटं बसायचीच. एक दिवस म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं कवाची? तिकडून कोण बोलतंय आन् तू तर हूं का चूं नाय करत. नवरा हाय का काय?"

मी तिला सांगितलं. एवढं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ती पदराने नाक पुसत ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मेक्सिको? अगं, माजा माणूस शिपवर हाय ना! जाऊन आलाय तो तिथं. माज्यासाठी ही एवढी गोल टोपी आणलीन. म्हटलं, मेल्या, ही घालू कुठं, पाटी डोक्यावरनं खाली ठेवू काय?"

मी हसले. किती दिवसांनी, ते आठवत नाही.

"त्याला जायला लावते. त्याचा तरी काय उपेग मला? सहा महिने पाण्यात, सहा महिने खाटेवर."

मी नको नको म्हणत होते. तिने ॲपचं नाव यांच्या फोनमधून आपल्या फोनवर पाठवून घेतलंसुद्धा.

मग वाट बघणं सुरू झालं. बुधवार-शुक्रवार ती यायची आणि पाटी उतरवायच्या आधीच मान हलवायची, अजून नाय. एकदा शिप दुसऱ्याच बंदराला गेली. एकदा खाली उतरू दिलं नाही. मी रात्रंदिवस मनात तेच घोळवत बसायची, की दुसरा थांबा चिंचेएवढ्या मोठ्या झाडाखालचा, तिसरा देवळाचा. माझी मी त्या मैदानातही जाऊन आले. विटा कोणीतरी नेल्या होत्या. कुठली वीट कुठे होती ते मात्र पायांना ठाऊक होतं.

पाचव्या महिन्यात एका शुक्रवारी ती पाटी न घेता आली. सकाळीच, नवी साडी नेसून. "गेला होता! एकच दिवसाची सुट्टी मिळाली, चार तास बसनं गेला, चार तास आला. चौदाच्या चौदा उतरवलेन. एका फोनवर वाजवलेन, दुसऱ्यावर भरलेन. घे, ऐक तुज्या पोरीला."

आम्ही उंबऱ्यात बसलो. आधी तिच्या नवऱ्याचा आवाज आला, धापा टाकत. "ताई, एक नंबर तुमच्याकडं हाय म्हणून सोडला मागं, शेवटाला घालतो. हा दोन नंबर. मी झाडाखाली उभा हाय. ऊन लय हाय. ऐका आता."

मग एक बाई बोलायला लागली. ती माझी मुलगी नव्हती.

पहिल्या शब्दालाच कळलं. तरी मी ऐकत राहिले, पुढे येईल म्हणून. वाक्यं तीच होती, मला पाठ असलेली. झाड, देऊळ, नऊ टप्पे. आवाज गोड, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. माणसाचा होता की यंत्राचा, मला सांगता येणार नाही. पाचव्या थांब्याला ती म्हणाली, चाळीस पावलं पुढे चला, आणि लगेच पुढचं सांगू लागली. एक पाऊल टाकायलाही जागा ठेवली नव्हती. कंपनीने आवाज बदलला होता. कधी बदलला, का बदलला, कोणाला विचारणार?

मावशीने माझ्या मुलीला हिंदीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. "तीच ना? काय गोड बोलते गं पोर! कशी आई-बापाला सोडून गेली..."

फोनमध्ये तिचा नवरा म्हणत होता, "आता सहा नंबर. ताई, पायऱ्या चढू देत नाय, दोरी बांधलेय, म्हणून खालनंच घेतो."

मी म्हटलं, "तीच आहे."

तिने मला जवळ घेतलं आणि मोठ्याने रडायला लागली. मीही रडले. तिला वाटलं, आनंदाने. तेरा थांबे आम्ही तसेच ऐकले, मधे एकही सोडला नाही, कारण मावशी सोडू देत नव्हती. त्या बाईने आम्हाला सगळं शहर दाखवलं. शेवटी मावशीच्या नवऱ्याने एक नंबर लावला होता. तो लागायच्या आधी मी म्हटलं, हा राहू दे, हा माझ्याकडे आहे.

संध्याकाळी हे कामावरून आले. मावशीने ते सगळं यांच्या फोनवरही पाठवलं होतं. बूटसुद्धा न काढता ऐकायला बसले. दुसरा थांबा अर्धा झाल्यावर त्यांनी बंद केला.

"ही ती नाही."

"नाही."

"मग मावशी सगळ्या चाळीला सांगत होती ते?"

"मीच हो म्हटलं तिला."

हे बराच वेळ बूट सोडत बसले. मग म्हणाले, "आपल्या ॲपमधला पहिला लावून बघू. तो तरी आहे का?"

मी म्हटलं, "लावू नका." फोन आपोआप नवीन नवीन भरून घेतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. पहिल्यातही ती बाईच आली असली तर? यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन खिशात ठेवला. त्या दिवसापासून आम्ही तो थांबा लावलेला नाही.

मावशी आता आली की मी मासळी घेते. नाही म्हणवत नाही. परवा बोंबील निवडताना तिने विचारलं, "तो फोनवर इचारत होता, तुला कुठला आवडला? शिपवर सगळ्यांना सांगितलेन, माज्या बायकोच्या मैत्रिणीची पोर बोलते त्यात. पुन्यांदा जाऊ काय म्हणतो, आवाज खराब आला असला तर."

"नको, नको. छान आला आहे," मी म्हटलं. "त्यांना म्हणावं, मला सगळेच आवडले."

"एक सांग ना. त्याला बरं वाटंल."

मी जरा विचार केला. मग सांगितलं, "सहावा. ते पायऱ्या चढू देत नाहीत म्हणाले ना, तो."

ती हसत हसत उठली आणि चार बोंबील वर टाकून गेली.