नकाशातली बैलजोडी

पाटी रंगवायचं काम आलं की पेंटर आधी ब्रश हातात घेत नसत. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत, दोन पावलं मागे सरत, डोळे बारीक करत आणि विचारत, "बघणारा कुठनं येणार?" मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. पेंटर त्यालाच हात करून थांबवायचे आणि विचारायचे, "तुमास्नी हितनं दिसंल का?"

नव्वदच्या दशकात तुम्ही इंदापूरकडे एसटीने गेला असाल, तर खिडकीतून त्यांचं अक्षर नक्की वाचलं असेल. पशुखाद्य, ट्रॅक्टर, दवाखाना, सगळं त्यांच्याच हातचं. नावाने मात्र त्यांना कुणी ओळखत नसे. त्यांची बायकोसुद्धा "पेंटर जेवायला बसल्यात" असंच सांगायची.

मी तेव्हा बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घेत होतो. शतक संपत आलं होतं, इंटरनेट नवंनवं होतं आणि नेट लागेपर्यंत चहा पिऊन होत असे. 'वेबसाइट करून मिळेल' असं मी दारावर लिहिलं होतं. खरं सांगायचं तर तोवर मी एकही केलेली नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तात्या. इंदापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत त्यांची डाळिंबाची रोपवाटिका होती. "लोक निघत्यात, पर पोचत न्हाईत," तात्या म्हणाले. "फाट्याव चुकत्यात. मला त्या इंटरनेटवर नकाशा पायजे. दाबला की रस्ता दिसला पायजे." आणि चित्र काढायला ते पेंटरांना सोबतच घेऊन आले होते.

मी उत्साहाने तालुक्याचा छापील नकाशा टेबलावर पसरला. पेंटरांनी तो उलटा केला. मी सुलटा केला. त्यांनी पुन्हा उलटा केला.

"पेंटर, नकाशात उत्तर वर असते."

"उत्तरंला कुनाला जायचंय, मास्तर? मानसाला रोपं घ्यायला जायचंय. सोलापूरकडनं येनाऱ्याला तुमचं हे समदं उलटं दिसतंय."

तासभर वाद झाला. शेवटी मी हरलो, आणि हरलो ते बरंच झालं. पेंटरांनी तीन नकाशे काढले. पुण्याकडून येणाऱ्याचा वेगळा, सोलापूरकडून येणाऱ्याचा वेगळा, बारामतीहून येणाऱ्याचा वेगळा. प्रत्येकात येणाऱ्याचा रस्ता खालून सरळ वर जायचा, म्हणजे कागद समोर धरला की उजवं ते उजवंच. पहिल्या पानावर तीन गावांची नावं, ज्यावर दाबाल त्याचा नकाशा उघडणार. चित्रं स्कॅन करायला मी एसटीने पुण्याला गेलो आणि नावांमागे दाबायच्या जागा बसवायला मला आठ दिवस लागले. आज हे कुणालाही किरकोळ वाटेल, पण पहिल्यांदा 'पुणे' दाबून नकाशा उघडला तेव्हा पेंटर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

नकाशात पेंटरांनी खुणा घातल्या त्या त्यांच्याच हातच्या. पुण्याकडच्या नकाशात वळणावर एका घराची भिंत होती. तिच्यावर पशुखाद्याच्या जाहिरातीची पांढरी बैलजोडी, अंगावर लाल झूल. खाली लिहिलेलं : बैलजोडी आली की उजवीकडे.

आता यात पेंटरांचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. गावात एक रेडियमवाला आला होता. कॉम्प्युटरवर अक्षरं कापायची, चिकटवायची, तासाभरात पाटी तयार. दोन वर्षांत पेंटरांची निम्मी कामं गेली होती. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि शिकायचं वय उलटलं होतं. तात्यांना हमरस्त्यापासून रोपवाटिकेपर्यंत पंचवीस पाट्या करायच्या होत्या, आणि त्यांचं मन रेडियमकडे ओढ घेत होतं.

त्याच सुमारास पुण्याच्या एक बाई वेबसाइट पाहून मोठ्या मागणीसाठी यायच्या होत्या. तात्यांनी सरळ सांगितलं, "बाई कुनालाबी न इचारता दारात आल्या, तर पाट्या पेंटरच्या. इचारावं लागलं, तर रेडियमवाल्याच्या."

त्या यायच्या त्या दिवशी सकाळी सातला माझा फोन वाजला. पलीकडे एसटीडी बूथवरून पेंटर.

"मास्तर, बैलं गेली."

"कुठे गेली?"

"भित्तीवर चुना फासलाय. घरात लगीन हाय."

मी म्हणालो, घाबरू नका, मी आत्ता नकाशा बदलतो. पेंटर म्हणाले, "बाईंनी कागद छापून घेतलाय. काल तात्यांला फोन केलता. त्यो कसा बदलनार तुमी?"

मी माझी एम-एटी दुचाकी काढली. दीड तासाने पोचलो, तर पेंटर शिडीवर होते आणि एक बैल उभा राहिला होता. घरातली मावशी कमरेवर हात ठेवून खाली उभी. नवऱ्या मुलाकडची माणसं येणार, त्यांना बैल दाखवायचे का, हा तिचा सवाल. पेंटरांनी दारावर गणपती आणि 'शुभविवाह' फुकट काढून द्यायचं कबूल केलं होतं, तेव्हा कुठे तिने शिडी दिली होती.

अकराच्या सुमाराला लांबून पांढरी गाडी दिसली. आम्ही शिडीसकट घराशेजारच्या उसात शिरलो.

गाडी थांबली. बाई उतरल्या. कागद पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा कागद पाहिला. घाईत डाव्या बैलाचं एक शिंग राहून गेलं होतं. कागदावर चार शिंगं, भिंतीवर तीन. बाई जवळ गेल्या, झुलीवर बोट टेकवलं. तेवढ्यात मावशी दारात आली. पेंटरांनी माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. बाईंनी तोंड उघडलं, पण मावशीने पदर तोंडाला लावला आणि ती चक्क आत निघून गेली. बाई गाडीत बसल्या. गाडी उजवीकडे वळली.

पेंटर बांधावर बसले आणि रडले. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिलो. पेंटरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तात्यांची ती वेबसाइटही केव्हाच गेली, पण हा प्रसंग सांगताना मला अजून भरून येतं.

आम्ही मागोमाग रोपवाटिकेत पोचलो. तात्या मला पुढे करून म्हणत होते, "हे आमचे कॉम्प्युटरवाले. कुनाला न इचारता आनलं का न्हाय तुमाला?" बाई हसल्या, चहाचा कप घ्यायला हात पुढे केला, आणि बोटावरचा लाल रंग तात्यांना दिसला.

"ह्यो रंग कुठला?"

मी बोलणार, तोच पेंटर रॉकेलची चिंधी घेऊन पुढे झाले. "बाई, द्या हात." त्यांनी बोट हळूच पुसलं, लेकराचं पुसावं तसं. त्यांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल-पांढरे होते. तात्यांनी ते हात पाहिले. त्यांना सगळं समजलं असावं. म्हणाले, "पेंटर, उद्यापास्नं फाट्यापास्नं सुरू करा. पंचवीसच्या पंचवीस तुमच्या."

"उद्या न्हाय जमायचं, तात्या," पेंटर चिंधीची घडी घालत म्हणाले. "एका बैलाचं शिंग ऱ्हायलंय."