झांबियाचाचांनी मागवलेलं पाणी

झांबियाचाचा समोरच्या माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल हातात घ्यायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत किनार धरायची, डोळे मिटायचे आणि चिमूट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायची. मग निकाल. "हा माग डाव्या अंगाला जड मारतोय. जॉबरला बोलव." लग्नाची पंगत असो, मयताचं घर असो की एसटी स्टँड, त्यांना सगळं सारखंच. माझ्या लग्नात त्यांनी अंतरपाटाची किनार तपासली होती आणि तोवर भटजी मंगलाष्टक थांबवून उभे राहिले होते. माझी बायको अजून ती आठवण काढते, पण कौतुकानं काढत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा आठ मागांचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याची एक शेड, आत कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि सगळ्यांच्या केसांवर कापसाची भुकटी. आम्ही घरात तेलुगू बोलणारे विणकर, वडिलांना नायना म्हणणारे. चाचा मूळचे कर्नाटकच्या हद्दीजवळच्या मैंदर्गीचे. त्यांची घरात दखनी, बाजारात मराठी आणि ताणा तुटला की कन्नड. धंदा जॉबरचा. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग बिघडला की सायकलला पान्यांची पिशवी लटकवून चाचा यायचे, दारातच उभं राहून आवाज ऐकायचे आणि आत पाऊल टाकायच्या आधी रोग सांगायचे. नायनांचा त्यांच्यावर इतका विश्वास की घरातल्या दुखण्यालाही आधी त्यांनाच विचारायचे.

नाव पडलं ते झांबियामुळं. तरुणपणी चाचा नऊ वर्षं त्या देशात होते, तांब्याच्या खाणींच्या मुलखात एका कापड गिरणीत. तांबं विकून पैसा येतोय तर कापड तरी आपलं आपण विणू, असं त्या देशाच्या मनात आलं होतं, आणि माग बसवायला सोलापूरचे जॉबर नेले होते. तिथून येताना लोक घड्याळं, रेडिओ आणतात. चाचांनी मुठीएवढा एक हिरवा दगड आणला. तांब्याचा कच्चा दगड. तो त्यांच्या घरी फडताळात, चाचीच्या चहाच्या डब्याशेजारी असायचा. "नऊ बरस की कमाई," म्हणून चाची पाहुण्यांना तो दाखवायची, आणि चाचा हसून मान खाली घालायचे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. विणकराचा मुलगा असून मी कधी पान्याला हात लावला नाही; नायनांनीच लावू दिला नाही. 'विकसनशील देशात नैसर्गिक संपत्ती विपुल असते, परंतु दरडोई उत्पन्न कमी असते' हे वाक्य मी किती वर्षं मुलांना उतरवून दिलं असेल, देव जाणे. एकदा ओट्यावर बसून टाचण काढताना मी ते मोठ्यानं वाचलं आणि चाचा म्हणाले, "हे 'परंतु' लई आरामात म्हणतोस की रे." मला राग आला. पण दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना वर्गात घेऊन गेलो.

चाचांनी पिशवीतून दगड काढून टेबलावर ठेवला. "ह्याचा भाव कोण ठरवतंय, सांगा की." कोणी म्हणालं खाणमालक, कोणी म्हणालं सरकार. "न्हाय. लंडनला ठरतोय. खोदणारा हितं, भाव तितं. भाव पडला की झांबियात आमच्या गावातल्या दवाखान्यात गोळ्या संपायच्या. डॉक्टर तोच, रोगी तेच, गोळ्या न्हाईत. तांबं रेल्वेत बसून समुद्राकडं जायचं, आन त्याच रुळावरनं वायरची भेंडोळी बनून परत यायचं, दसपट भावानं." मग त्यांनी कापसाचं सांगितलं. तिथं कापूसही पिकायचा, तोही बाहेर जायचा, आणि परत काय यायचं तर परमुलखातल्या लोकांनी वापरून टाकलेले शर्ट. गठ्ठेच्या गठ्ठे. बाजारात ढीग लागायचे, लोक वाकून त्यातनं निवडायचे. तिथल्या बोलीत त्याला सलाउला म्हणायचे, म्हणजे ढिगातून उचललेलं. "नव्या कापडाला कोण इचारतंय मग? आमची गिरणी त्या ढिगाखाली गेली."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग चूक कुणाची, चाचा?"

चाचांनी दगड उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाले, "घंटा झाली का बघ." घंटेला अजून वीस मिनिटं होती. मला वाटलं, म्हातारा थकला. काय झालं होतं ते मला पुढं तीन वर्षांनी कळलं.

आमच्याकडच्या जॉबरांची एक रीत होती. माग जोडताना सगळं उघड्यावर करायचं, कुणीही बघावं. पण आडवा धागा नेणारा धोटा नेमका कधी सुटायचा हे ठरवणारं एक चाक असतं, त्याचं बसवणं शेवटी असतं. ते आलं की जॉबर पाठ वळवून मागाला झाकायचा आणि जवळच्या माणसाला म्हणायचा, "जा, चाय सांग." चहा येईस्तोवर चाक बसलेलं असायचं. माग चालू. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शेवटचं शिकवलं तर उद्या आपल्याला बोलावणार कोण? नायनाही म्हणायचे, "पोटाचा प्रश्न हाय. सुतार रंधा देईल, हात देईल का?" लहानपणापासून मीही किती वेळा तो चहा सांगायला गेलो असेन.

तर तीन वर्षांनी आलेलं ते पत्र. झांबियाहून चाचांना अधूनमधून पत्र यायचं. गिरणीत त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मुलेंगा नावाच्या माणसाचं. ईद, नाताळ, मुलाबाळांची खुशाली एवढंच. इंग्रजी असल्यानं वाचायला माझ्याकडं यायचं. त्या वेळचं पत्र मोठं होतं. गिरणीचे माग भंगारात गेले तेव्हा मुलेंगानं दोन माग वाचवले होते आणि ते चर्चच्या शेडमध्ये ठेवले होते. आता वस्तीतल्या काही बायकांना टॉवेल विणायचे होते. कापूस आसपास पिकत होताच. सगळं जुळवलं, पण धोटा तिसऱ्या फेऱ्याला उडून बाहेर येत होता. एका बाईच्या खांद्याला तो लागलाही होता. शेवटी लिहिलं होतं, "चाचा, त्या चाकाचं काम आलं की तुम्ही मला पाणी आणायला पाठवायचात. मी धावत जाऊन धावत यायचो. मी हळू आहे म्हणून माझं बघायचं राहतं, असं मला नेहमी वाटायचं."

मी वाचून मान वर केली. चाचा उठून मोरीवर गेले आणि हात धुवायला लागले. कितीतरी वेळ धूत राहिले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

परत येऊन बसले तेव्हा म्हणाले, "त्यांच्या बोलीत पाण्याला अमेन्शी म्हणतेत. नऊ वर्सं मी तेवढा एकच शब्द नीट शिकलो. मुलेंगा, अमेन्शी. आन तो पळायचा. तुज्या पोरांना मी सांगितलं, तांबं कोण नेलं. हुनर कोण नेलं ते न्हाय सांगितलं. त्या पोरीनं बरोबर इचारलं होतं."

मी माझ्या परीनं समजूत घातली. भाव लंडनला ठरत होते, गिरणी एका चाकासाठी बंद पडली नाही, एकटा जॉबर देश बुडवू शकत नाही. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून यात काही चुकीचं नव्हतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय," ते म्हणाले. "पर मुलेंगाला मीच पाठवलो की."

नेमके त्याच महिन्यात आमचे माग विकायला निघाले होते. स्वस्त माल बाहेरून यायला लागला होता, नायनांचे गुडघे गेले होते आणि मी काही कारखाना चालवणार नव्हतो. भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं, सोमवारी गाडी येणार होती. गल्लीत जुन्या पद्धतीचे धोट्याचे माग आमच्याच शेडमध्ये उरले होते, आणि मुलेंगाचे मागही तसलेच. चाचा शनिवारी आले. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात कापत होता, चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागायची. दारातच उभं राहून ते नायनांना म्हणाले, "एक माग ठेवा. चार दिस. माझ्या हाताचा काय भरवसा न्हाय."

सोमवारी गाडी आली तेव्हा नायना भंगारवाल्याला म्हणाले, "सात न्या. आठव्याचं नंतर बघू." तो कुरकुरला, सगळे एकदम ठरलेत म्हणाला. नायना आठव्या मागाच्या फळीवर जाऊन बसले आणि गाडी निघून जाईपर्यंत उठले नाहीत.

माझ्या मोबाइलवर आम्ही तीन दिवस मुलेंगासाठी माग जोडण्याचं चित्रण केलं. चाचांनी माग पार सुटा केला आणि पहिल्यापासून जोडायला घेतला. ते दखनी-मराठीत सांगायचे, मी मागाहून इंग्रजीत बोलायचो. पहिल्याच दिवशी त्यांच्या हातातला पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तू फिरव. मी सांगतो." चाळिशी उलटल्यावर विणकराच्या मुलानं पहिल्यांदा पाना धरला. "असा न्हाय, खडूगत धरलायस की," म्हणाले. नायना दारात खुर्ची टाकून बघत होते, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चाकाशी आलो. मी मोबाइल विटांवर टेकवला, पाना घेतला. चाचा चाकापुढं वाकले आणि न बघताच म्हणाले, "जा, चाय सांग."

कुणी हललं नाही. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं रडताना बघणं अवघड असतं. मी चाकाकडं बघत राहिलो. नायनाच शेवटी दारातून म्हणाले, "चहा नंतर, जॉबरसाब. आधी चाक."

चाचा बाजूला सरकले, मोबाइलला सगळं दिसेल असे. चाक दोन बोटं मागं, मग पाव फेरा सैल, हातानं माग एकदा फिरवून धोट्याची वाट बघायची, आणि मगच आवळायचं. एवढंच होतं. इतक्या वर्षांच्या चहांमागं एवढंच होतं हे बघून मला हसावं की काय करावं कळेना. चाचांनी ते तीन वेळा करून घेतलं. मग माग सुरू केला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

चित्रण मुलेंगाच्या मुलीच्या मोबाइलवर गेलं. उत्तर आलं की मिळालं, पण मोटरचा पट्टा तुटलाय, नवा मागवलाय. चाचा रोज संध्याकाळी यायचे. "आलं का रे?" मी नाही म्हणायचो. "पट्ट्याला येळ लागतोय. बाहेरनंच येत असंल तो बी," म्हणायचे आणि जायचे. अकराव्या दिवशी आले नाहीत. दुपारी झोपले होते, ते उठलेच नाहीत. दफनाच्या आधी नायनांनी कफनाच्या कापडाची किनार चिमटीत धरून बघितली. का, ते विचारायची मला गरज वाटली नाही.

मुलेंगाचं चित्रण आलं ते चाळिसाव्याच्या दिवशी. मी मोबाइल घेऊन चाचीकडं गेलो. तिला मोतीबिंदूमुळं धड दिसत नाही. फडताळात दगड होता तिथंच होता. मी तिला सांगत गेलो. पिकल्या केसांचा एक माणूस आहे, चाची. भोवती सहा-सात बाया आहेत. चाकाचं काम आलंय. तो माणूस बाजूला सरकून चाक सगळ्यांना दाखवतोय. एक बाई पाण्याचा जग घेऊन उठली. तो त्यांच्या बोलीत तिला काहीतरी म्हणाला. मला त्यातला अमेन्शी एवढाच शब्द कळला. ती परत खाली बसली.

मग माग सुरू झाला. खडखड, खडखड. तिसरा फेरा गेला, दहावा गेला, धोटा काही बाहेर उडाला नाही.

"आवाज बढा जरा," चाची म्हणाली. मी वाढवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली, अगदी चाचांसारखी मान तिरकी करून.

"किनार देख," ती म्हणाली. "सीधी हय क्या?"

मुलेंगानं विणलेला टॉवेल मोबाइलसमोर धरला होता. मी नीट बघितलं. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण त्या घरात किनारीबद्दल खोटं बोलणं जमलं नाही. "पहिली वीतभर वाकडी आहे, चाची. तिथून पुढं सरळ आहे."

चाचीनं मान हलवली. "वो बी वैसेच थे," ती म्हणाली.