शब्द येतो कोणत्या दाराने

ज्यांची वाचा अडली आहे अशा माणसांच्या वर्गात हसण्यासारखे काय घडते, असे माझी नणंद फोनवर विचारते. घडते, आणि इतके घडते की शनिवारचे सोमवारपर्यंत पुरते!

नारायणगुड्यातील हा वर्ग सुनीता घेते. वयाने लहान, शिस्तीने मोठी. पक्षाघातानंतर आमच्या ह्यांना शब्द ठाऊक असतो, पण सापडत नाही. रेल्वेच्या नोकरीतील दख्खनी आणि तेलुगू थोडीफार परतली; घरची मराठी मात्र नाही. मला तिच्यातला एकच शब्द हवा होता. लग्नापासून ते मला 'अगं' म्हणत. वर्षभर ती हाक कानी पडली नव्हती.

*

पहिल्याच दिवशी कात्रीचे चित्र निघाले. अंबरपेठेचे खानसाहेब जन्मभर शिंपी. पण शब्द ना उर्दूत मिळाला, ना तेलुगूत. अखेर त्यांनी सुनीताच्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली.

"वो... जिससे तुम्हारे दर्जी ने इसका खून करा!"

सुनीताने पूर्ण मार्क दिले. बाही खरोखरच वाईट बेतली होती.

*

घरी मराठीच, हा माझा नियम. एकदा जेवताना ह्यांनी "उप्पु" मागितले. मी म्हटले, "मीठ म्हणा, मग वाढते."

त्यांनी अळणी आमटी शांतपणे संपवली आणि वर म्हणाले, "बढ़िया!"

सुनीताने मला बजावले, "आंटी, लफ्ज जिस दरवाजे से आए, अंदर लेना." तेव्हापासून आमच्या ताटात उप्पु वाढले जाते.

*

वर्गातून परतताना एक ऑटो अंगावर आली. ह्यांच्या तोंडून अस्खलित तेलुगू बाहेर पडली! ती येथे लिहिण्याजोगी नाही. सुनीताला कळले तेव्हा ती हरखली. "अंकल, फिर बोलो ना!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच कान पकडले.

*

गेल्या शनिवारी सुनीताने माझ्याकडे बोट दाखवून ह्यांना विचारले, "ये कौन?" ओठ हलले, शब्द आला नाही. तेव्हा ती मला म्हणाली, "आप उनका नाम लेके बुलाओ."

मी पर्समधला रुमाल शोधू लागले.

"आंटी? आपको भी याद नहीं आ रहा?"

खानसाहेब खो खो हसले. आमच्यात बायकोने नवऱ्याचे नाव केवळ उखाण्यात घ्यायचे असते, हे मी समजावून सांगितले.

"तो फिर वैसेच लो!"

नाइलाजाने उभी राहिले. पदर सावरला.

"नारायणगुड्याच्या वाटेवर बहरली जाई..."

पुढे नाव.  लाजेने ते काही केल्या जिभेवर येईना. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात शेजारून कोणी पदर ओढला. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अगं... वसंतराव!"