दगडाखालची डहाळी

त्या दिवशी माझ्या पिशवीत दोन तऱ्हेचे कागद होते. एक, धरणाची भिंत आणखी वाढवू नये म्हणून सरकारकडे करायचा अर्ज. त्यावर मला गावकऱ्यांचे अंगठे घ्यायचे होते. दुसरं, खुळ्या समजुतींवरचं पत्रक. आम्ही चार मित्रांनी ते पुण्यात छापलं होतं. त्यातली निम्मी वाक्यं माझी, त्यामुळे मला ती तोंडपाठ होती आणि फार आवडतही होती.

लोणावळ्याला सकाळच्या गाडीनं उतरलो. स्टेशनाबाहेर चहा पिताना एक म्हातारा आणि त्याची लेक भेटली. लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण म्हणून बाप तिला कल्याणकडच्या सासरहून माहेरी नेत होता. आणायला गेला तो जावयाच्या आजारपणात महिनाभर तिकडंच अडकला होता. मी निघालो होतो त्याच गावाला दोघं चाललेली.

"तुमी व्हा म्होरं, भाऊ," म्हातारा म्हणाला. "आमी आपलं बैलाच्या चालीनं येतु."

"बैल तुमी आसाल, आबा," लेक म्हणाली. "मी न्हाई."

मी हसलो आणि निघालो.

तुंगार्लीचे बंगले मागं पडले की रान लागतं. हिरड्याची, जांभळीची झाडी, मध्ये मध्ये पेटल्यासारखा पांगारा. पुढच्या खिंडीतून एकदम पाणी दिसलं. बेटं समुद्रात असतात असं आम्हाला भूगोलात शिकवलं होतं. इथं वीज कंपनीनं ती डोंगरात करून दाखवली होती. दरीत पाणी कोंडलं, शेतं गेली, दोन गावं गेली, आणि टेकड्यांचे माथे तेवढे पाण्यावर राहिले. कुणाचं देऊळ एका बेटावर, कुणाची चार घरं दुसऱ्यावर. मुंबईत दिवे लागावेत म्हणून फाल्गुनात पाणी सोडतात. मग धरण उतरतं, बेटं गाळानं एकमेकांना जोडली जातात आणि बुडालेला जुना गाडीरस्ता उघडा पडतो. पाणी कधी, किती उतरणार हे कुणी गावकऱ्यांना सांगत नाही. सांगायचं कशाला? गावकऱ्यांना विचारून कुठं धरण बांधलं होतं!

असं मनात धुमसत मी फाट्यापाशी आलो. एक रुंद वाट खाली धरणाकडं उतरत होती, दुसरी कारवीतून वर चढत होती. खालच्या वाटेवर आडवी टाकलेली जांभळीची हिरवी डहाळी, आणि तिच्यावर डोक्याएवढा दगड. मला काही विचार करावा लागला नाही. रानातल्या कुठल्यातरी भुताला वाहिलेली डहाळी! आमच्या पत्रकात अशाच नैवेद्यांवर एक अख्खा परिच्छेद होता. मी दगड लाथेनं लोटला आणि डहाळी उचलून करवंदीच्या जाळीत भिरकावली. वरच्या वाटेवर मोळी घेतलेली एक बाई चालली होती. तिच्या मागोमाग निघालो म्हणून मी स्वतः बरोबर वाटेनं गेलो. यात माझी काही अक्कल नव्हती.

गावात पोचल्यावर पोहे झाले, ताक झालं. माणसं रानातून यायला वेळ लागला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा देवळापुढं पंचवीसेक जण जमले. मी उभा राहिलो. अर्जाकडं वळण्याआधी सभा जरा खेळीमेळीची करावी म्हणून म्हणालो, "मंडळी, आज येताना तुमच्या वाटेवरचं एक भूत मी लाथेनं उडवून लावलंय!"

पुण्यात अशा वाक्याला टाळी पडायची. इथं कुणी हसलं नाही.

कडेला कोयता मांडीवर घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "कुटलं भूत?"

"डहाळी होती, दगडाखाली ठेवलेली."

"कुटल्या वाटंवर?"

"खाली धरणाकडं जाते त्या."

पुढं बसलेला एक धिप्पाड गडी उठून उभा राहिला. "आरं द्येवा! भूत कसलं? ती म्या ठिवली व्हती. वाट बंद हाय म्हनून!"

मग चार तोंडांतून मला कळलं. आठ दिवसांपूर्वी त्या रस्त्यावर त्याची म्हैस रुतून मेली होती. वरून गाळ वाळलेला, भेगा पडलेला, खाली छातीएवढा लगदा. ज्याला वाट मोडलेली कळेल त्यानं तिच्यावर डहाळी आडवी टाकायची, वर दगड ठेवायचा. वाळली की जाणाऱ्यानं दुसरी तोडून टाकायची. हे मावळात शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

"एवडी हिरवीगार डहाळी, भाऊ," गडी म्हणाला. "दिसली न्हाई व्हय?"

दिसली होती. तेच तर. आणि तेव्हा मला स्टेशनाबाहेरची दोघं आठवली.

"माझ्या मागून दोघं येतायत," मी म्हणालो. "म्हातारे बाबा, आणि लेक बाळंतपणाला..."

मावशींच्या मांडीवरचा कोयता खाली पडला. "माजी लेक?"

"कल्याणकडनं येतायत," मी म्हणालो.

"त्यांची तर ती लहानपणापास्नंची वाट," त्या म्हणाल्या. "डहाळी नसंल तर डोळं झाकून जात्याल." आणि अनवाणीच पळत सुटल्या.

गड्यानं एका घराची शिडी खांद्यावर घेतली, कुणी दोर घेतला. मी सगळ्यांच्या मागं. पळताना डोक्यात एकच हिशेब चालला होता. मला येऊन दोन तास झाले. ती हळू चालतात. खिंडीत बसली असतील. लेकीला धाप लागली असेल, अजून फाट्यापर्यंत आलीच नसतील. मी पोहे खात होतो तेव्हा ती कुठं असतील? ताक पुन्हा मागितलं तेव्हा? फाट्यापाशी आलो आणि हिशेब संपला. खालच्या वाटेच्या धुळीत वहाणेचे मोठे ठसे होते आणि त्यांच्यामागं लहान, अनवाणी पावलांचे.

मग हाक ऐकू आली. बाईचा आवाज, पार बसलेला.

म्हातारा काठापासून पाच-सहा पावलांवर कमरेपर्यंत गाळात होता. त्याच्या बाजूला बुडालेल्या गावातल्या घराचं जोतं वर आलेलं, त्यावर लेक गुडघे टेकून बसली होती. बाप रुतताना पाहून तिनं त्या जोत्यावर उडी टाकली आणि ती पोटावर आपटली होती. भोवती सगळा तोच गाळ. हाका मारून मारून तिचा गळा गेला होता.

"हलू नगंस, आबा!" गडी ओरडला. "हलशील तितका जाशील!"

"हलतुय कुटं?" म्हातारा म्हणाला. "आता मुळ्या फुटायच्या ऱ्हायल्यात."

सगळ्यांत हलका मीच होतो. शिडी गाळावर आडवी टाकली, माझ्या कमरेला दोर बांधला आणि मी पोटावर सरपटत गेलो. शिडीखालचा गाळ पिठासारखा हलत होता. म्हाताऱ्याच्या काखेतून दोर घातला. काठावरून ओढायला लागले तेव्हा तो बोंबलला आणि मला धीर आला. तो सुटला. मग शिडी जोत्याला लावली. लेक पायरी पायरी धरत रांगत आली. माझ्याजवळ पोचल्यावर म्हणाली, "डहाळी न्हवती वो."

"होती," मी म्हणालो. "मी काढली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती पुढं सरकली आणि आईच्या हातात हात देऊन म्हणाली, "आई, पोटातलं हलंना झालंय."

तिला घोंगडीच्या झोळीतून घरी नेलं. मी ओसरीवर चिखलात माखलेला उभा राहिलो. कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. आत सुईण होती. बराच वेळ नुसती भांड्यांची हालचाल ऐकू येत होती. मग ती बाहेर आली आणि मावशींना म्हणाली, "हलतंय. पर मार लागलाय. मोकळी हुस्तवर काई सांगता यायचं न्हाई."

अर्जावर त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. मी मागितलाही नाही. गड्यानं मला खिंडीपर्यंत पोचवलं. वाटेत तो एवढंच बोलला, "म्हशीपायी म्या कुनाला बोल लावला न्हाई. जनावर व्हतं. ही मानसं हायत."

पुढचे तीन आठवडे मी वडगावच्या बाजाराला जात राहिलो. पुण्यातल्या मित्रांना वाटलं, मी पत्रकं वाटायला जातो. पत्रकं पिशवीतच राहायची. त्या गावचं माणूस दिसलं की मी जवळ जायचो आणि विचारायचं धाडस न होता मिरचीचा भाव विचारून परतायचो.

तिसऱ्या बाजारी मागून कुणीतरी पाठीवर थाप मारली. म्हातारा होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो, त्यावरून काही कळेना.

"इचारीत का न्हाईस?" तो म्हणाला. आता तो मला तुम्ही म्हणत नव्हता.

"भीती वाटते, आबा."

"वाटू दे. वाटाया पायजे." त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली, पिंक टाकायला बाजूला जाऊन आला. "पोरगी झाली. आयवर ग्येलीया. गळा लय दांडगा हाय, सारं गाव जागं ठिवती."

मी तिथंच मिरच्यांच्या पोत्यावर बसलो. मिरचीवाली ओरडायला लागली तरी मला उठता येईना.