चार चौकटी, एकच मोजपट्टी

वसुधाताई केळशीकरांची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या डब्यापाशी झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, ठाऊक नाही. पण झाली ती तिथेच. नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतमध्ये अबू हलीफाला नुकतेच राहायला आलो होतो. ताई वरच्या मजल्यावर राहत आणि एका इस्पितळाच्या सांख्यिकी विभागात काम करीत. एका बाजूने छापलेल्या कागदांचा गठ्ठा त्या टाकायला निघाल्या होत्या.

"अहो ताई, मागची बाजू कोरी आहे की!" मी म्हटले.

त्यांनी गठ्ठा माझ्या हाती दिला. तेव्हापासून माझे रामनाम त्यांच्या आलेखांच्या पाठीवर लिहिले जाते.

मी मॅट्रिक. पण ताईंनी मला आलेख वाचायला शिकवले. "वहिनी, आधी रेघ बघू नका. कडेचे आकडे बघा. मोजपट्टी कळल्याशिवाय उंची कळत नाही," असे त्या म्हणत. हेच तत्त्व त्यांनी एकदा स्वतःलाही लावलेले मी पाहिले, म्हणून हा लेख.

पुढे काही वर्षांनी आपल्या मराठी मंडळाने जलीबच्या कामगार वस्तीत कोकणातल्या कामगारांचा रक्तदाब तपासायला घेतला. चार खोल्या, दर शुक्रवारी. सिस्टर मोजत आणि मी वहीत लिहीत असे. आठ शुक्रवारांनंतर उपचार कोणत्या खोलीपासून सुरू करायचे, हे डॉक्टर ठरवणार होते. त्यांना महिन्याला एकच खोली जमण्यासारखी होती. ताईंनी संगणकावरून एका कागदावर ओळीने चार चौकटी काढून आणल्या, प्रत्येक खोलीची एक, आत तिच्या सरासरी रक्तदाबाची रेघ. गर्दी नको म्हणून उभ्या रेघेचे आकडे फक्त पहिल्या चौकटीला ठेवले होते. फार देखणे दिसत होते.

डॉक्टर म्हणाले, "चारही सारख्याच आहेत. पहिलीपासून सुरू करू."

तिसऱ्या खोलीतले दत्ताराम डोके धरून बसलेले मी दर आठवड्याला पाहत होते. मी हळूच म्हटले, "तिसरीचे आकडे वहीत मोठे आहेत. मग रेघ इतरांएवढीच कशी?"

"काकू आता कॉम्प्युटरची पण परीक्षा घेणार!" कोणीतरी हसले.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, बोट फिरवीत वाचली आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. संगणकाने प्रत्येक चौकटीला आपापली मोजपट्टी लावली, आणि मी तीन चौकटींचे आकडे पुसून ती झाकली. वहिनींनी पकडली."

एवढ्या शिकलेल्या बाईंनी सबब म्हणून एक शब्द काढला नाही. दुसऱ्याच दिवशी नवा कागद आला. चारही चौकटींना एकच मोजपट्टी, कडेच्या रेघा ठळक, खाली शुक्रवारांच्या तारखा तिरप्या, म्हणजे एकीवर एक चढणार नाहीत. खोल्यांची नावे ठसठशीत मराठीत, कामगारांनाही वाचता यावीत म्हणून. तिसरीची रेघ पार छताला टेकलेली! डॉक्टरांनी तिसरीपासूनच सुरुवात केली.

औषध सुरू झाले, आणि ताटातले खारवलेले सुके मासे बंद झाले. "सुक्या बांगड्याशिवाय माका जेवण जाणा नाय, बाई," दत्ताराम कुरकुरले. मग कागदाकडे बघत त्यांनी विचारले, "हय उजवीकडे जागा रिकामी कित्याक?"

ताई म्हणाल्या, "ती तुमचीच. पुढचे शुक्रवार तिथे येतील. रेघ खाली आणायची, पण थांबवायची नाही."

ती खाली आली. दत्ताराम आता गावी असतात. फोन केला की आधी ताईंची खुशाली विचारतात.

तो दुसरा कागद माझ्या देवघरात आहे. त्याच्या पाठीवर मी अजून काही लिहिलेले नाही. ताईंच्या पंचाहत्तरीच्या दिवशी त्यावर त्यांच्यासाठी रामनाम लिहीन. ताई, उजवीकडे पुष्कळ जागा आहे. ती तुमचीच. निरोगी, हसतमुख राहून ती सावकाश भरा, हीच रामरायाचरणी प्रार्थना.