मूठवाले सर

आमचे जीवशास्त्राचे सर रिकाम्या हातानं वर्गात आले, असं कधी झालं नाही. मुठीत काहीतरी असायचंच. कापसाचं बोंड, चिंचोका, सोयाबीनची शेंग. हात पुढं करून मूठ उघडायची आणि मगच बोलायला लागायचं. आर्वीच्या आमच्या कॉलेजात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. मूठवाले सर, बस.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी बारावीत होतो. शरीर रोगजंतू कसे ओळखतं यावर पुस्तकात जेमतेम दोन ओळी. सरांनी त्यावर आठवडा घालवला. पहारेकरी पेशी जंतू गिळते, त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा अंगावर धरून टी-पेशीला नेऊन दाखवते, असं सांगत त्यांनी कापसाचा पुंजका तळहातावर धरला. "कापसाची अख्खी बैलबंडी कोणी उचलून दाखवते का बाबू? बाजारातला अडत्या मूठभर काढते, त्याच्यावरच बंडीचा भाव ठरते." मग नाटक. मागच्या बाकावरच्या सुध्याला म्हणाले, "तू जंतू हो. तुले मेकअप नाई लागत." वर्ग हसून लोटपोट.

एक गोष्ट मात्र हसणं थांबवून सांगायचे. "नुसता तुकडा पाहून टी-पेशी उठत नाई. खरंच धोका आहे, अशी दुसरी खूण त्याच पहारेकरी पेशीनं द्यावी लागते. नाईतर भलत्यालेच मार बसन."

त्याच तासाला सुध्यानं सूड उगवला. "सर, बोर्डात कॉपी केली तर जमते का?"

"कर ना, बिनधास्त कर. मंग डॉक्टर झाला का माह्या नाडीले हात नको लावजो."

पूर्वपरीक्षेत चिठ्ठी सापडली ती माझ्याकडे. बाबांचं किराणा दुकान होतं, शिवाय ते कॉलेजच्या कमिटीवर. "काऊन बे, कॉपी काऊन केली?" त्यांचा हात वर गेलेला. मी म्हणालो, "सरच म्हणाले, बिनधास्त कर."

खोटं नव्हतं. अर्धं होतं.

सरांना ऑफिसात बोलावलं. बाबांनी विचारलं, "असं बोलले तुम्ही?" सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शब्द माझेच आहेत." बाबा माझ्याकडे वळले. "एवढंच म्हणाले?" मी होकारार्थी मान हलवली. ती दुसरी खूण मी दिली, हे आजवर कोणाजवळ बोललो नाही. वर्गाला कोणी काही विचारलंच नाही. पोरगा खोटा ठरला तर त्याचं वर्ष वाया जाईल, एवढाच हिशेब सरांनी केला असावा.

त्यांची नोकरी गेली. ते देवळीला, आपल्या गावी निघाले त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. मला पाहून म्हणाले, "अभ्यास कुठवर आला?"

"सर, मले तुमाले एक सांगाचं..."

"आधी पेपर दे. मंग येजो देवळीले. निवांत बोलू."

पेपर झाले. चांगले गेले. मी गेलो नाही.

पुढं यवतमाळला नोकरी लागली. आर्वीला जाता-येता बस देवळीला थांबायची आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. अशी किती वर्षं काढली. मग एकदा बसमध्येच मागच्या सीटवर कोणीतरी कोणाला तरी मूठवाले सर वारल्याचं सांगत होतं.

त्या दिवशी मी देवळीला उतरलो.