खंडेनवमीचा आकडा

पितांबर मूळचा धुळ्याकडचा. जळगावच्या एका विज्ञान संस्थेत तो एकतीस वर्षं परिचर होता. कागदावर परिचर म्हणजे बाटल्या धुणारा. पण तिथला हवा उपसणारा पंप कोणाचं ऐकत असेल तर त्याचंच. रोज सकाळी दहाला तो पंपाच्या खोलीत जाई, मापकावरचा दाबाचा आकडा वहीत लिही आणि पुढे सही करी. साहेबलोक त्याला चहा आणायला खुशाल पिटाळत, पण त्याच्या वहीवर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

दिपमाला तिथेच पीएच.डी. करत होती. फैजपूरची, केळीवाल्यांची पोर. तिचा प्रयोग हेलियमवर होता. या वायूच्या अणूत इलेक्ट्रॉन दोनच. पोलादी पेटीतली सगळी हवा उपसायची, आत किंचित हेलियम सोडायचा आणि त्यावर लेसरचे झटके मारायचे, इतके प्रखर आणि इतके छोटे, की त्यांच्यापुढे डोळ्याचं पातं लवणं म्हणजे युग. कधीकधी दोन्ही इलेक्ट्रॉन जोडीनं सुटून येत. ते का, हे तिनं एकदा पितांबरला समजावलं होतं. प्रकाश पहिल्याला बाहेर ओढतो. पण प्रकाशाची लाट लगेच उलटी फिरते, त्याला माघारी आणून घरावरच आदळते, आणि त्या धडकेत दुसराही बाहेर पडतो.

पितांबरला आपली पोरं आठवली. त्याचा थोरला मुलगा सुरतेला गेला होता. कानबाईच्या सणाला, रोटांसाठी म्हणून घरी आला आणि जाताना धाकट्यालाही घेऊन गेला.

"समजनं ताई," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "बठ्ठं समजनं."

त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं रिवाजाप्रमाणे यंत्रांची पूजा केली. पेटी साफसफाईसाठी उघडीच होती. पंपाला, लेसरच्या खोक्याला आणि मग पेटीच्या काठालाही त्यानं हळदकुंकू लावलं, हात जोडले, बोट फडक्याला पुसलं आणि झाकण आवळलं. कुंकवाचे चार कण झाकणाच्या रबरी कड्याखाली राहून गेले.

दसऱ्याची सुट्टी संपवून तो आला तर आकडा चढलेला. हवा कुठून शिरतेय, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण सांगायचं कसं? निवृत्तीला चार महिने उरलेले. ज्याच्या कामाला दगडावरची रेघ म्हणत, त्याला आता सगळे हसणार? उद्या उतरेल, असं मनाला समजावत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा जुनाच आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. मग रोजच. कुंकू श्रद्धेनं लावलेलं, त्याला कोण नावं ठेवील? पण आकडा खोटा लिहिला, हे त्यानं वाईटच केलं.

दिवाळीनंतर एके दिवशी दिपमाला पंपाच्या खोलीत धावतच आली. दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेले अणू तिला मिळत होते, तेही आजवर कोणालाच मिळाले नव्हते इतके.

"भाऊ, सर म्हणतात, उद्याच शोधनिबंध पाठवू!" तिचे डोळे भरून आले होते. "एकच धास्ती होती. पेटीत दमट हवा शिरली तर पाण्यातून हायड्रोजन येतो. एक इलेक्ट्रॉन गेलेला हायड्रोजनचा रेणू आणि दोन्ही गेलेला हेलियम, आमच्या यंत्राला दोघं सारखेच दिसतात. पण तुमच्या वहीत दाब तसूभरही हललेला नाही. सरांना मी तेच सांगितलं. पितांबरभाऊंचा आकडा आहे म्हणजे आहे."

पितांबर तोंड मिटून बसला असता तर तीन महिन्यांत शाल-नारळ घेऊन घरी गेला असता, आणि त्याचं खोटं हिच्या नावावर जगभर गेलं असतं.

"ताई, तो आकडा खोटा शे," तो म्हणाला. "खंडेनवमीले मी पेटीले कुकू लायेल व्हतं. माले तवयच समजनं, पन मी घाबरी गऊ."

दिपमाला चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून झाकण खोललं. कड्यावर लाल ठिपके होते. ते पुसले, ओल जावी म्हणून पेटी तापवली, आठवडाभर पंप चालवला. पुन्हा मोजलं तेव्हा डोंगराएवढं ते यश ओसरून गेलं. उरले ते अणू खरे, पण थोडे. इतरांना मिळाले होते तेवढेच. निबंध राहिला आणि पदवी वर्षभर लांबली. सरांनी सगळा दोष जुन्या मापकाला दिला, आणि दिपमालेनं त्यांना तसंच समजू दिलं.

निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, "पितांबरच्या एकतीस वर्षांच्या वहीत एक चूक सापडायची नाही." टाळ्या पडल्या. दिपमाला मान खाली घालून बसली होती.

पितांबर उठला आणि पंपाच्या खोलीतून वही घेऊन आला. सगळ्यांसमोर त्यानं दसऱ्यानंतरच्या एकेका आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. मापकावर त्या-त्या सकाळी दिसलेला प्रत्येक आकडा त्याला तोंडपाठ होता. एकोणीस आकडे, आणि प्रत्येकापुढे सही.

मग त्यानं वही दिपमालेच्या हातात दिली.

"मापकनी काही चूक नव्हती," तो म्हणाला. "आते बरोबर शे, ताई."